नवजात बालकाच्या प्लेटलेट्स कमी झाल्या, म्हणजे त्या चढवाव्याच लागतात का?

नवी दिल्ली : नवजात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या वडिलांच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल पडतो. प्लेटलेट्सच्या रकान्यात आकडा असतो ३८ हजार आणि शेजारी ‘सामान्य : दीड ते साडेचार लाख’ असे छापलेले असते. बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मलेले, वजन जेमतेम सव्वा किलो. पुढची धावपळ राजधानी परिसरातील कुटुंबांना डेंग्यूच्या साथींनी शिकवलेलीच आहे. दाता शोधायचा, रक्तपेढी गाठायची, ‘जम्बो पॅक’ मिळतो का ते पाहायचे. अशा वेळी डॉक्टरांनी ‘तूर्त प्लेटलेट्स देत नाही, वाट पाहू’ असे सांगितले, तर टाळाटाळ होत असल्याची शंका नातेवाइकांच्या मनात येते. प्रत्यक्षात आज उपलब्ध असलेला सर्वांत भक्कम पुरावा या वाट पाहण्याच्याच बाजूने आहे.

प्लेटलेट्स, म्हणजेच रक्तबिंबिका, या रक्तातील अतिसूक्ष्म पेशी रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे गोळा होऊन रक्तस्राव थांबवतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्यांची संख्या दीड लाखाखाली गेली की ती कमी समजली जाते. सर्वसाधारण नवजात बालकांत असे क्वचितच घडते. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बालकांत मात्र साधारण चारांपैकी एकाच्या प्लेटलेट्स कमी आढळतात. गर्भारपणात आईचा रक्तदाब वाढलेला असेल आणि गर्भाची वाढ खुंटली असेल, तर जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच हा आकडा घसरतो आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप सावरतो. पहिले तीन दिवस उलटल्यावर अचानक झालेली मोठी घसरण अधिक चिंतेची असते. तिच्यामागे बहुतेकदा रक्तातील जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा गंभीर दाह असतो.

जंतुसंसर्गाचे ओझे दिल्लीत किती मोठे आहे, हे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स), सफदरजंग आणि लोकनायक या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासातून समोर आले. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बालकांची त्यात नोंद झाली. त्यांपैकी १४.३ टक्के बालकांना जंतुसंसर्ग झाला होता. सर्वाधिक आढळलेला जंतू होता अ‍ॅसिनेटोबॅक्टर, आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे निघाले. अशा बाळाच्या प्लेटलेट्स संसर्गामुळे खर्ची पडत असतात. संसर्ग आटोक्यात आला नाही, तर बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सही त्याच वाटेने जातात.

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत खरी भीती असते ती मेंदूतील रक्तस्रावाची. त्याच्या मेंदूतील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात आणि रक्तस्राव मोठा झाला तर बाळ दगावू शकते किंवा त्याला कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्यामुळे प्लेटलेट्स कमी असतील तर त्या भरून काढाव्यात, हा विचार वर्षानुवर्षे स्वाभाविक वाटत आला. कॅनडातील संशोधकांनी १९९३ मध्येच १५२ अर्भकांवर हा विचार तपासून पाहिला होता. प्लेटलेट्स दिल्याने मेंदूतील रक्तस्राव टळतो, असे त्यांना दिसले नाही. तरीही ५० हजार किंवा त्याहून वरच्या आकड्यालाच प्लेटलेट्स देण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू राहिली.

या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधील ‘प्लॅनेट-२’ या चाचणीने दिले. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेली आणि प्लेटलेट्स ५० हजारांखाली गेलेली ६६० बालके तीत सहभागी होती. चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटात आकडा ५० हजारांखाली जाताच प्लेटलेट्स दिल्या गेल्या, तर दुसऱ्यात २५ हजारांखाली गेल्यावरच. अट्ठावीस दिवसांत मृत्यू किंवा नवा मोठा रक्तस्राव, ही मोजपट्टी होती. सढळ हाताने प्लेटलेट्स मिळालेल्या गटात ३२४ पैकी ८५ बालकांच्या, म्हणजे २६ टक्के बालकांच्या वाट्याला हे आले. हात राखून दिलेल्या गटात हे प्रमाण ३२९ पैकी ६१, म्हणजे १९ टक्के होते. अधिक उपचार मिळालेली बालके अधिक संकटात सापडली होती. पुढे २०२३ मध्ये याच बालकांच्या दोन वर्षे वयापर्यंतच्या प्रगतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा मेंदूच्या विकासातील लक्षणीय दोष यांचे प्रमाण पहिल्या गटात ५० टक्के, तर दुसऱ्यात ३९ टक्के होते.

भारतातही असाच इशारा मिळाला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी जन्मानंतर उघडीच राहिलेल्या ४४ मुदतपूर्व बालकांचा अभ्यास केला. प्लेटलेट्स एक लाखाच्या वर राखल्या तर ती रक्तवाहिनी लवकर बंद होईल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. उलट मेंदूतील रक्तस्राव सढळ प्लेटलेट्स मिळालेल्या गटात सुमारे ४१ टक्के बालकांत आढळला, दुसऱ्या गटात साडेचार टक्के. अभ्यास लहान होता, मात्र त्याची दिशा ‘प्लॅनेट-२’शी जुळणारी होती.

हे का घडते, याचे निर्विवाद उत्तर अद्याप नाही. नवजात बाळाच्या प्लेटलेट्स प्रौढांच्या तुलनेत मंद असतात; पण रक्त गोठवणारे इतर घटक ती उणीव भरून काढतात, असा एक समतोल त्याच्या शरीरात असतो. प्रौढ दात्याच्या अधिक क्रियाशील प्लेटलेट्समुळे तो बिघडत असावा, दाह वाढत असावा, असे तज्ज्ञांना वाटते. दुसरा संशय मात्रेवर आहे. बाळाला प्रतिकिलो १० ते १५ मिलिलिटर प्लेटलेट्स थोड्या वेळात दिल्या जातात. एवढ्याशा देहासाठी ही मोठीच भर ठरते.

याचा अर्थ प्लेटलेट्स निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. ‘प्लॅनेट-२’मध्ये हात राखून उपचार झालेल्या गटातही निम्म्याहून अधिक बालकांना त्या द्याव्याच लागल्या. प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल, तर अधिक वरच्या आकड्यालाही त्या दिल्या जातात. आईच्या शरीरात बाळाच्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, त्या दुर्मीळ आजाराचे नियमही वेगळे आहेत. शिवाय युरोपातील चाचणीचा आकडा दिल्लीतील पूर्ण दिवसांच्या, पण तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णयच महत्त्वाचा ठरतो. रक्तस्राव होत नसलेल्या नवजात बालकांसाठी २५ हजारांची मर्यादा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही स्वीकारली. मोठा रक्तस्राव नसलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट्स देऊ नयेत, अशी शिफारसही त्यांत आहे. दर पावसाळ्यानंतर रक्तपेढ्यांसमोर रांगा पाहणाऱ्या दिल्लीने ती विशेष लक्षात घ्यावी.

आकडा धक्कादायक असला, तरी तो आधी खरा आहे का हे पाहावे लागते. बाळाच्या टाचेतून कसेबसे पिळून काढलेल्या रक्तात प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्यांची संख्या कमी दाखवते. म्हणून नव्याने घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा आग्रह धरला जातो. प्लेटलेट्स द्यायचे ठरलेच, तर सव्वा किलोच्या बाळाला सुमारे १२ ते १९ मिलिलिटर पुरतात. एका दात्याच्या रक्तापासून वेगळ्या केलेल्या साध्या पिशवीत साधारण ५० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक प्लेटलेट्स असतात. यंत्राने काढलेल्या महागड्या ‘जम्बो पॅक’साठी वणवण करण्याचे त्यामुळे सहसा कारण नसते. या पिशव्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि एरवी पाचच दिवस टिकतात. रक्ताच्या नात्यातील दात्याकडून प्लेटलेट्स घ्यायच्या असतील, तर पिशवीवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया झाली आहे का, हे कुटुंबीयांनी आवर्जून विचारावे. अन्यथा दात्याच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच हल्ला करण्याचा धोका असतो.