नाव नागपुरात, उत्तर पुण्यात

नागपूरच्या परसोडी आयटी पार्कमधल्या किंवा मिहानमधल्या एखाद्या कार्यालयाच्या फाइली मायक्रोसॉफ्ट अझ्युरवर आहेत असे धरू. अझ्युरच्या ज्या केंद्राला ‘सेंट्रल इंडिया’ म्हणतात ते पुण्यात आहे. २०१५ पासून ते चालू आहे. फाइली इंटरनेटवरून कोणालाही दिसू नयेत म्हणून कार्यालयाने या साठवणुकीसाठी खासगी पत्ता घेतला, समजा १०.१.०.५, आणि तिथपर्यंत व्हीपीएन जोडले.

हा आकडाच सेटिंगमध्ये लिहून का भागत नाही? कारण सुरक्षा प्रमाणपत्र नावाचे असते, आकड्याचे नव्हे. शिवाय सेवा नव्याने उभारली की पत्ता बदलू शकतो. म्हणून साठवणुकीचे नावच वापरायचे आणि त्याचा पत्ता डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला, विचारायचा. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही व्यवस्था आजही तशीच उपयोगी आहे.

अडचण अशी की इंटरनेटवरचा डीएनएस या नावाला सार्वजनिक पत्ता देतो. खासगी पत्ता अझ्युरच्या खासगी झोनमध्ये, म्हणजे फक्त जोडलेल्या नेटवर्कसाठीच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, नोंदलेला असतो. तो सांगणारा १६८.६३.१२९.१६ हा सर्व्हर फक्त अझ्युरच्या आतून आलेल्या प्रश्नांनाच उत्तर देतो. नागपूरहून त्याला थेट विचारता येत नाही, म्हणून मध्ये आपले सर्व्हर उभे करावे लागतात.

पहिला सर्व्हर अझ्युरमधल्या आपल्या नेटवर्कमध्ये बसवा, समजा १०.१.०.४ वर. त्यावर बाइंड किंवा अनबाउंड हे डीएनएस सॉफ्टवेअर चालेल. २०२२ पासून अझ्युरची तयार प्रायव्हेट रिझॉल्व्हर सेवाही मिळते. बाइंड किंवा अनबाउंड असेल तर आलेला प्रश्न १६८.६३.१२९.१६ कडे पाठवायला सांगा. खासगी झोन या नेटवर्कला जोडायला विसरू नका.

दुसरा सर्व्हर नागपूरच्या कार्यालयात. त्याला एक नियम द्या: ‘ब्लॉब.कोअर.विंडोज.नेट’ने संपणारे प्रत्येक नाव १०.१.०.४ ला विचार, बाकीची नेहमीच्या मार्गाने. इथे खासगी झोनचे ‘प्रायव्हेटलिंक’ने सुरू होणारे नाव लिहू नका. संगणक मूळ नावच विचारतो. ते बाहेर गेले तर सार्वजनिक पत्ताच परत येऊ शकतो.

फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा. संगणकांना पर्यायी डीएनएस म्हणून ८.८.८.८ सारखा सार्वजनिक सर्व्हर देऊ नका. ज्या वेळी प्रश्न तिकडे जाईल त्या वेळी सार्वजनिक पत्ता येईल आणि बिघाड सापडणे कठीण होईल. पर्याय हवा तर आपलाच दुसरा सर्व्हर, त्याच नियमासह ठेवा. मार्ग व्हीपीएनवर अवलंबून असल्याने तेही भक्कम हवे.

शेवटी कार्यालयातल्या संगणकावर एनएसलुकअप या आज्ञेने ते नाव तपासा. १०.१.०.५ आला तर काम झाले. सार्वजनिक पत्ता आला तर तोच प्रश्न थेट १०.१.०.४ ला विचारा. तिथे उत्तर बरोबर असेल तर दोष नागपूरच्या नियमात किंवा साठवलेल्या जुन्या उत्तरात आहे. चुकीचे असेल तर खासगी झोनच्या जोडणीत किंवा नोंदीत, नाहीतर पहिल्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये. कोणत्या नावाचे उत्तर कोण देतो हे एका कागदावर लिहून ठेवा. पुढे पत्ता बदलला तर झोनमधली एकच नोंद बदलावी लागेल आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांना हात लावावा लागणार नाही.