आधी हृदय की आधी महाधमनी? एक चाचणी कशी वाचायची

समजा लासूर स्टेशनच्या सत्तरीतल्या एका आजोबांची छत्रपती संभाजीनगरला सोनोग्राफी झाली. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंमी रुंद असते, त्यांची फुगून 6 सेंमी झालेली. या फुग्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही अडथळे निघाले. मग आधी ऑपरेशन कशाचं?

पेच असा आहे. पुरुषांमध्ये फुगा 5.5 सेंमीपर्यंत गेला की तो फुटण्याच्या भीतीने दुरुस्तीचा विचार होतो. पण पोट उघडून दुरुस्ती करताना महाधमनीला काही वेळ क्लॅम्प लावावा लागतो. तेव्हा हृदयावर एकदम भार येतो आणि क्लॅम्प काढला की रक्तदाब घसरतो. आजारी हृदयाला हे झेपेल का? बरं, आधी बायपास करावी, तर तेवढे दिवस फुगा थांबेल याची खात्री नाही.

‘आधी हृदय सांभाळा’ हे पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या 18 रुग्णालयांत यावर ‘कार्प’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2004 मध्ये छापून आले. महाधमनीचं किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन ठरलेले 510 हृदयरुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाची आधी बायपास किंवा अँजिओप्लास्टी केली, दुसऱ्याची नाही. औषधं दोघांनाही होती. सुमारे पावणेतीन वर्षांनी मृत्यूचं प्रमाण निघालं 22 आणि 23 टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच! उलट पहिल्या गटाचं ठरलेलं ऑपरेशन लांबलं.

मग आजोबांना बायपास नकोच? थांबा. आता विचारा, या चाचणीत कोण नव्हतं? हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाची पंपिंग क्षमता 20 टक्क्यांखाली गेलेले आणि महाधमनीची झडप फार अरुंद झालेले रुग्ण वगळले होते. स्त्रिया जवळपास नव्हत्याच. फुग्याचे रुग्ण साधारण एक तृतीयांश. आजोबा वगळलेल्यांपैकी असतील, तर ही चाचणी त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

शिवाय उपचारही बदलले. 1990 मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून कापडी नळी सरकवून फुगा आतून बंद केला. या पद्धतीत पोट उघडावं लागत नाही, हृदयावरचा ताणही कमी.

म्हणून पेपर वाचताना आधी वगळलेल्यांची यादी वहीत उतरवा, टक्केवारी नंतर.