कमरेत इंजेक्शन? कमरेत नाही हो, कुल्ल्यात!

हेडफोन लावलेत ना? बरं केलंत. आजचा विषय बसमध्ये स्पीकरवर ऐकलात तर शेजारचे वळून बघतील. आज ढुंगणाबद्दल बोलायचंय.

आपल्याला या शब्दाची इतकी लाज की आपण म्हणतो, "डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं." खरं तर ते कुल्ल्यात देतात, आणि तिथेही कुठेही नाही. एका कुल्ल्याचे मनातल्या मनात चार चौकोन करा. सुई जाते ती वरच्या, बाहेरच्या चौकोनात. कारण आतल्या आणि खालच्या बाजूने सायटिक नर्व्ह जाते. शरीरातली ही सगळ्यात जाड नस (रक्ताची नाही, मज्जातंतू), सुरुवातीला जवळजवळ २ सेंटीमीटर रुंद, म्हणजे अंगठ्याएवढी! तिला इजा झाली तर पाऊल वर उचलता न येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तान्ह्या बाळांना लस मांडीत टोचतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

ही नस पिरिफॉर्मिस नावाच्या छोट्या स्नायूखालून बाहेर येते. काही लोकांत तर तिचा एक भाग त्या स्नायूच्या आरपार जातो. आता मागच्या खिशातलं ते फुगलेलं पाकीट आठवा. त्यावर तासन्‌तास बसलं की एक बाजू उचललेली राहते आणि नेमका हाच भाग दाबला जातो. मग कुल्ल्यात ठणका, मांडीच्या मागून खाली मुंग्या. प्रत्येक सायटिका पाकिटामुळे होत नाही. बऱ्याचदा मूळ मणक्यातल्या सरकलेल्या गादीत असतं. पण पाकीट पुढच्या खिशात टाकायला पैसे पडत नाहीत, तेवढं आजच करा.

स्नायूंचं थोडक्यात सांगतो. ग्लुटियस मॅक्सिमस हा शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. सपाट रस्त्यावर तो जवळजवळ आरामात असतो. जिना, सिंहगडाची चढण, उकिडवं बसून उठणं, पळणं, इथे त्याची खरी गरज. त्याच्या वर, बाजूला मीडियस. आरशासमोर एका पायावर उभे राहा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर टेकलेल्या पायाकडचा मीडियस कमजोर असू शकतो. डॉक्टरही हेच बघतात, जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते.

आता जे कुणी बोलत नाही ते. माकडहाडाजवळच्या घळीत केस त्वचेत घुसून गळू होतं, त्याला पायलोनायडल सायनस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून आदळत फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हे इतकं झालं की 'जीप डिसीज' असंच नाव पडलं. तरुण मुलांमध्ये जास्त दिसतं. आणि मुलं काय करतात? घरी सांगत नाहीत, मेडिकलमधून मलम आणतात, महिने काढतात. पू साठला असेल तर मलमाने भागत नाही, सर्जनकडेच जावं लागतं. त्यांना यात नवीन काहीच नसतं, रोज बघतात ते!

शेवटची गोष्ट, आणि ही गंमत नाही. कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधीर झाला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्याच्या तळाच्या नसांवर दाब आलेला असू शकतो. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी घरच्यांना उठवा आणि हॉस्पिटल गाठा.