लहरींचे गायरान

वडिलांच्या पश्चात त्यांची ट्रंक आवरताना रेडिओच्या परवान्याची पुस्तिका हाती लागली. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. रेडिओ आमचा, बॅटऱ्या आमच्या, तरी आकाशातून घरात आलेला आवाज ऐकायला सरकारची परवानगी लागे. १८८५च्या तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे गेला आणि १९३३च्या कायद्याने बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना आवश्यक झाला. श्रोत्यांची ही कटकट ऐंशीच्या दशकात संपली. लहरी कोणाच्या, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचे उत्तर क्रिकेटमुळे मिळाले. १९९३च्या हिरो कपचे प्रक्षेपण कोणी करायचे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार कोर्टात गेले. उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकरने टाकलेले शेवटचे षटक आमच्या पिढीला चेंडूगणिक आठवते. त्या सामन्यामागचा खटला फारसा कोणाला आठवत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेने जनहितासाठी करावे, असे त्यात म्हटले होते. (‘वायुलहरी’ हा शब्द रुळला आहे खरा, पण या लहरींना वायूची गरज नसते.) पुढे १९९७ साली प्रसारण विधेयक आले, लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले.

‘सार्वजनिक मालमत्ता’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ हळूहळू ‘सरकारने चढ्या भावाने विकायची वस्तू’ असा झाला. २०१२च्या फेब्रुवारीत न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, तेव्हा खिरापतीपेक्षा लिलाव बरा हे सर्वांनाच पटले. त्याच वर्षी सप्टेंबरात घटनापीठाने, लिलाव हा एकमेव मार्ग नव्हे, असेही सांगितले. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. २०२२च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटींच्या बोली लागल्या. इतका पैसा ओतणारी कंपनी आपल्या कुंपणाजवळ कोणाला फिरकू देणार नाही, हे उघड आहे.

पण गावात सातबाऱ्यावर नावे चढलेल्या शेतांखेरीज गायरानही असते. लहरींमध्ये असे गायरान आहे, २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे त्यातल्या गोंगाटाला पूर्वी कोणी गिऱ्हाईक नव्हते. १९८५ साली अमेरिकेने तो संदेशवहनासाठी विनापरवाना खुला केला. त्या टाकाऊ तुकड्यावर वाय-फाय उगवले. भारतात हा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही मोकळा व्हायला जानेवारी २००५ उजाडला. ऑक्टोबर २०१८मध्ये पाच गिगाहर्ट्‌झजवळचे ६०५ मेगाहर्ट्‌झ खुले झाले.

परवाना नाही, मग गोंधळ कसा होत नाही? वाय-फायचे यंत्र बोलण्याआधी ऐकते. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते, आणि शांतता होताच सगळ्यांनी एकदम तोंड उघडू नये म्हणून प्रत्येक यंत्र मनाशी वेगवेगळा आकडा मोजून मग सुरुवात करते. आमच्या साहित्य संस्थेच्या बैठकांत हे कधी जमले नाही. शिवाय शक्तीवर मर्यादा असते. २००५च्या नियमात प्रक्षेपक एक वॉटचा आणि ॲन्टेनाच्या दिशेने होणारा मारा चार वॉटचा, त्याहून जास्त नाही. एका घराने गायरानात किती गुरे सोडायची, तसलाच हा नियम. आवाज लहान असल्यामुळे तीच लहर माझ्या घरात आणि दोन गल्ल्या पलीकडे एकाच वेळी वापरता येते. लहर वापरून झिजत नाही. वापरली नाही तर तो क्षण मात्र फुकट जातो.

फुकट जाणाऱ्या लहरींचे उदाहरण घरचेच आहे. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पंधरा वाहिन्या मावतात. त्यांपैकी किमान बारा देशात सर्वत्र रिकाम्या आहेत, असे आयआयटी मुंबईच्या अभ्यासात आढळले. या लांब लहरी झाडी आणि भिंती ओलांडून दूर जातात. खेड्यांना हवे तेच. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांत त्यांवरून इंटरनेट पोहोचवून दाखवले. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पारितोषिकही मिळाले. पण त्या लहरी प्रायोगिक परवान्यावर वापरायच्या होत्या, आणि तो पट्टा काही गायरानात आला नाही.

डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. कल्पना पीसीओची. दुकानदाराने ब्रॉडबँड घ्यावे, वाय-फाय लावावे, पाच-दहा रुपयांत ते गिऱ्हाइकाला विकावे. त्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचे दुकान आहे. मालकाने पूर्वी तिथेच पीसीओ चालवला होता. मीच त्याच्या मागे लागलो आणि त्याने यंत्र बसवले. कॉलेजची मुले संध्याकाळी पायरीवर बसून अर्ज भरू लागली. तीन महिन्यांनी लाइन देणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, ही घरगुती जोडणी आहे. विकायचे तर व्यावसायिक लाइन घ्या. तिचा दर ऐकून मालकाने यंत्र उतरवून माळ्यावर टाकले. लहर फुकट होती, पण तिच्यापर्यंत येणारी तार कुंपणातली होती.

ही अडचण त्याच्या एकट्याची नव्हती. २०१८च्या धोरणात २०२२पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे उद्दिष्ट होते. २०२५च्या मध्यालाही आकडा काही लाखांतच घुटमळत होता. त्या जूनमध्ये ‘ट्राय’ने आदेश काढला. अशा दुकानांना २०० एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी देताना घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेचा अशा मर्यादेला विरोध होता. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण लिलावाचे पैसे त्यांना फेडायचे आहेत. पण तेवढ्यासाठी गायरानाची वाट अडवावी, हे मला पटत नाही.

आदेशाचे कात्रण घेऊन मी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचले, एक प्रत काढून ठेवली आणि पोराला माळ्यावर चढायला सांगितले. यंत्रावरची धूळ पुसत म्हणाला, ‘‘सर, तुमचं बरोबर असेल. पण आधी लाइनवाल्याला इथं बोलवू. तोंडानं काय दर सांगतो ते बघू.’’