टाकीवरची मोकळी जागा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात मी शिरलो तेव्हा आरएक्स १०० मोटारसायकलचा पिस्टन जुन्या वर्तमानपत्रावर आडवा पडला होता. मेस्त्रींनी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख एका जागी अडलं. "चिकटलाय," ते म्हणाले. मागं उभ्या असलेल्या पोरानं मान खाली घातली. गाडी तापायच्या आधीच त्यानं मूठ पिळली होती, हे सांगायची गरज उरली नव्हती.

पोरगं वीस-एकवीस वर्षांचं. डर्ट ट्रॅकवर गाडी पळवतं. डर्ट ट्रॅक म्हणजे मातीचा वळणावळणाचा फेरा, मधे उंचवटे, शर्यतीआधी टँकरनं पाणी मारून बसवलेली धूळ. आपल्याकडं तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून कुस्तीचा हौदा मळतात. इथं नुसतं पाणी, पण मातीची काळजी तेवढीच. पाणी कमी पडलं तर पुढच्याचं चाक दिसत नाही, जास्त झालं तर गाडी वळणावर बसते.

मेस्त्री सिलिंडर घेऊन तीन गल्ल्या पलीकडं बोअर मारायला निघाले, मीही मागोमाग गेलो. आरएक्सचा बोअर पन्नास मिलिमीटर, स्ट्रोकही पन्नास; ९८ सीसीचं इंजिन एका तळहातावर मावतं. बोअरिंगवाल्यानं सिलिंडर मशीनवर बांधला, डायल गेज आत सोडला आणि काटा बघत विचारलं, "रोडची का शर्यतीची?" शर्यतीची म्हटल्यावर त्यानं पिस्टन आणि भिंत यांच्यात जागा थोडी सैल ठेवली. रस्त्यावरच्या गाडीला एक थाऊ चालतो, मातीत दीड. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या अर्ध्या थाऊचा हिशेब कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. कितीतरी पिस्टन चिकटल्यावर तो त्या हाताला कळलाय. होनिंगचा दगड फिरून सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली, त्यानं आत बोट फिरवलं, पुसलं, आणि चारशे रुपये घेतले. मेस्त्रींच्या वहीत २०१२च्या एका पानावर याच कामाचे दीडशे लिहिलेत. दर वाढलाय, पण रडावं इतका नाही.

रडवतो तो पिस्टन. आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ला आली आणि १९९६ला बंद झाली. पंचवीस वर्षांपूर्वी दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेली आरएक्स पंधरा-वीस हजारांत मिळायची. आता तिला लाखाच्या वर मागतात. घेणारे शर्यतवाले नाहीत. क्रोम चढवून, रविवारी पन्हाळ्याला नेऊन फोटो काढणारे आहेत. जुना कंपनीचा पिस्टन, कार्ब्युरेटर, क्रँक जे काही कुठं कपाटात उरलं असेल ते त्यांच्याच भावानं विकलं जातं. शर्यतवाल्याला पार्ट झिजवायचा असतो, शौकिनाला जपायचा. बाजारात जपणाऱ्याचा खिसा जड. त्यामुळं पोराच्या गाडीत 'लोकल' पिस्टन जातो आणि मेस्त्री त्याची उलटसुलट तपासणी करत बसतात.

तरीही आरएक्सचं भागतं, कारण उद्यमनगर आहे. मागचा स्प्रॉकेट दोन दात मोठा हवा, तर प्लेट आणून कटिंगवाल्याकडं द्यायची. फूटरेस्ट वर घ्यायचा, तर वेल्डिंग शेजारीच. सायलेन्सरचा फुगवटा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, यावर टू-स्ट्रोकची अर्धी ताकद असते. तो इथं पत्रा वळवून, जोडून, आवाज ऐकून बदलतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत. देशभरातल्या मोटारींचं कास्टिंग इथून जातं. ज्या गावानं परदेशी कॅमेरा समोर ठेवून स्वतःचा कॅमेरा बनवला, आणि बाबूराव पेंटरांनी त्यावर 'सैरंध्री' काढून १९२०ला पडद्यावर आणला, त्या गावात स्प्रॉकेटचं काय कौतुक. बनवता येतं ते महागलं तरी माणूस झेपवतो. उधारी करतो, रात्री मशीन मोकळं असताना बसतो, मित्राच्या कारखान्यातला तुकडा मागून आणतो.

गॅरेजच्या कोपऱ्यात दुसरी गाडी उभी आहे, आणि खरी अडचण तीच आहे. हिरो एक्सपल्स २००. देशी शर्यतींत आता फोर-स्ट्रोकचे वर्ग मोठे झालेत, टू-स्ट्रोक हळूहळू बाजूला पडतेय. पुढं जायचं तर ही गाडी लागते. २०१९ला बाजारात आली तेव्हा लाखाच्या आसपास होती, म्हणून बऱ्याच पोरांना वाटलं, आता आपलंही जमेल. मग कंपनीनं रॅली किट काढलं: लांब, अॅडजस्ट होणारं सस्पेन्शन, सपाट सीट, मातीचे टायर. किंमत तेव्हा ३८ हजार. मेस्त्रींना ते किट मनापासून आवडलं, हे कबूल करायला हवं. "असलं सस्पेन्शन मी जल्मात करू शकलो नसतो," ते म्हणाले. नेमकं तिथंच दुखणं आहे. जुन्या गाडीच्या शॉकअॅब्जॉर्बरमधे ते वायसर घालून स्प्रिंग ताणत, फोर्कमधे जाड ऑइल भरत, आणि पोरगं फेरी मारून आलं की पुन्हा खोलत. आता सस्पेन्शन बिघडलं तर डबा उघडून नवं बसवायचं.

फ्युएल इंजेक्शनची गत तीच. कार्ब्युरेटरचा जेट बदलायला त्यांना पाच मिनिटं लागतात, प्लगचा रंग बघून. इंजेक्शनला लॅपटॉप लागतो. लॅपटॉपवाला पुण्याहून येतो, येण्याजाण्याचं वेगळं घेतो, आणि तो काम करत असताना तीस वर्षं इंजिन खोललेला माणूस स्टुलावर बसून त्याच्यासाठी चहा मागवतो. मला तो चहा बघवला नाही.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे परदेशी मोटोक्रॉस गाड्या. कावासाकीची केएक्स २५० २०२४ला आठ लाखांच्या घरात जात होती. पोरांसाठीची ६५ सीसीची चिमुकली गाडी तेव्हा तीन लाखांच्या वर. या गाड्यांना दिवा नाही, आरसा नाही, नंबरप्लेट नाही. रस्त्यावर त्या चालवताच येत नाहीत. तरी बाहेरून तयार येणाऱ्या गाडीवर सीमाशुल्क लागतं. २०२५च्या अर्थसंकल्पात ते १६०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना ५० टक्क्यांवरून ४० झालं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला: ३५० सीसीपर्यंत २८चे १८ टक्के, त्याच्यावर थेट ४०. म्हणजे केएक्स २५०ला दिलासा आणि ४५०ला चैनीच्या वस्तूचा कर. मातीत पडून खांदा मोडून घेण्याला चैन म्हणायचं असेल तर म्हणा.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. पोलंडमधे, इंग्लंडमधे स्पीडवे नावाची शर्यत चालते: मातीचा लंबगोल फेरा, ५०० सीसीचं एक सिलिंडर, इंधन मेथॅनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. डाव्या बाजूला वळत सगळा फेरा चाक घसरवत काढायचा. इतकी साधी गाडी जगात दुसरी नसेल. आपल्या वडिलांच्या पिढीला जावा-येझ्दीचा आवाज पाठ आहे. त्याच चेक जावाची स्पीडवे इंजिनं कित्येक वर्षं तिथं पळत आली. पण तिथंही साधं इंजिन साधं राहिलं नाही. ते खोलणारे, जोडणारे खास कारागीर झाले, स्वार त्यांच्या दारात रांग लावतात, आणि ज्याच्यामागं पैसेवाला नाही तो घरच्या गॅरेजात काय जमतं ते जमवतो. उद्यमनगरातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

अंगावरच्या सामानाबद्दल मेस्त्रींचा एक नियम आहे. आधी हेल्मेट, बूट, छातीचं आणि गुडघ्याचं कवच दाखवायचं. त्याशिवाय ते गाडीला हात लावत नाहीत. पोरानं बुटांत काटकसर केली होती, साधे ट्रेकिंगचे घेऊन आलं होतं. मेस्त्रींनी पाना खाली ठेवला. "जा, घरी जा." तीन आठवडे गाडी खोललेली तशीच पडून राहिली. शेवटी चुलत्यानं पैसे दिले. मातीच्या शर्यतीत पाय सतत वळणावर आतल्या बाजूला टाकावा लागतो, आणि त्यावर शंभर-दीडशे किलोची गाडी पडते. बुटात वाचवलेले पैसे पुढं घोट्यावर जातात.

आता टाकीचं, म्हणजे तिच्यावर नाव लावून पैसे देणाऱ्या पुरस्कर्त्याचं. पोरानं गाडीचे, मातीचे, पाचव्या क्रमांकाच्या करंडकाचे फोटो लावून एक फाईल केली होती. ती घेऊन आम्ही एका बड्या साहेबांकडं गेलो. दीड तास बाहेर बसलो. साहेबांनी फाईल उघडली नाही. एवढंच विचारलं, "बघायला किती माणूस येतंय?" मला राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. या गावात पैसा माणसामागं जातो. तालमींच्या फुटबॉल संघांना पाठीराखे मिळतात, कारण संघ पेठेचा असतो आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ ओरडते. बैलगाडी शर्यतीला गावं लोटतात, म्हणून पुढारी बुलेट, ट्रॅक्टर, थार बक्षीस लावतात. मोटारसायकल पळवणाऱ्या पोरामागं ना पेठ, ना गाव, ना जत्रा. त्याच्यामागं एक मेस्त्री आणि एक चुलता. गंमत बघा: इथं बैल पळाला तर मोटारसायकल मिळते, मोटारसायकल पळाली तर प्लायवूडचा करंडक. आणि दिवाळी पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं म्हैस पळते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणूस मावत नाही.

दुसऱ्या ठिकाणी एका दुकानदारानं होकार दिला: दोन टायर, रोख काही नाही, बदल्यात टाकीची उजवी बाजू आणि चौकातला फ्लेक्स. फ्लेक्सवर त्याचा फोटो पोराच्या तिप्पट निघाला. पोरगं खूश होतं. टायर खरे होते ना.

कोल्हापूरला आश्रयदात्यांची सवय नाही असं नाही. शाहू महाराजांनी १९१२ला खासबाग कुस्ती मैदान उभं केलं. १९४८ला पैलवान खाशाबा जाधव लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. १९५२च्या हेलसिंकीसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. कुणी विचारलं नव्हतं की फिनलंडात कोल्हापूरचं किती माणूस बघायला येणार. गाडीवाल्यांतही इथून माणूस वर गेलेला आहे: कृष्णराज महाडिक २०१७-१८ला ब्रिटिश फॉर्म्युला ३मधे पळाला. पण चार चाकांचा तो जिना वेगळा, त्याच्या पायऱ्या पौंडांत मोजतात.

पुण्यात २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. सिएटचं नाव, परदेशी स्वार, संघमालक, दिवे, संगीत. पोरगं तिकीट काढून गेलं आणि सगळा वेळ गाड्यांच्या मागच्या स्प्रॉकेटचे दात मोजत बसलं. पैसा या खेळात आलाय, यात शंका नाही. तो वरून येतोय. उद्यमनगरापर्यंत झिरपायला किती वर्षं लागतील ते मला सांगता येत नाही.

आणि मधल्या काळात एक पेच आहे, ज्यावर कुणी उघड बोलत नाही. गावोगावच्या यात्रांत विनापरवाना शर्यती होतात. तिथं रोख बक्षीस असतं, प्रवेशफी कमी, गर्दी भरपूर. डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्स असेल तर नशीब. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटारशर्यतींची संघटना, अशा शर्यतीत पळणाऱ्याचा परवाना रोखू शकते. मान्यतेच्या शर्यतीला मात्र परवान्याची फी, प्रवेशफी, गाडी टेम्पोत घालून पुणे किंवा बेंगळुरू, दोन मुक्काम, आणि हाती प्रमाणपत्र. खर्च जिथं होतो तिथं पैसे मिळत नाहीत, मिळतात तिथं नाव लावता येत नाही. हे पोरगं अजून यात्रेत उतरलेलं नाही. मेस्त्रींची भीती त्याला संघटनेपेक्षा जास्त आहे.

परवा पुन्हा गेलो तेव्हा आरएक्स जोडून झाली होती. मेस्त्रींनी किक मारली, पहिल्याच किकला सुरू. पाच मिनिटं त्यांनी ती नुसती हळू चालवत ठेवली, पोराला मुठीला हात लावू दिला नाही. निळसर धूर शटरपर्यंत गेला. मग प्लग काढून रंग पाहिला, फिकट तपकिरी, आणि काही न बोलता परत बसवला.

टाकीच्या उजव्या बाजूला टायरवाल्याचा स्टिकर आहे. डाव्या बाजूला पोरानं नुसता पांढरा रंग मारून ठेवलाय. शर्यत पुढच्या रविवारी आहे, गाडी शनिवारी रात्री टेम्पोत चढेल. कुणाला ती जागा हवी असेल तर तोवर उद्यमनगरात यावं; फ्लेक्सची अट घातली तरी चालेल.