उघाडीच्या तोंडाशी जिताडा

भाद्रपद सरत आला, भात पोटरीत आलं आणि खाचरांतलं पाणी उतरू लागलं, की पेणच्या खारेपाटात गळ टाकणाऱ्यांची पावलं उघाडीकडे वळतात. उघाडी म्हणजे खारबांधातली झडपांची मोरी. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने त्या उघडतात आणि शेतातलं पाणी खाडीत सुटतं. त्याबरोबर कोळंबी, बोईटाची पिल्लं आणि पावसाळ्यात खाचरांत वाढलेली बारीक मासळी बाहेर पडते. खाली, धारेच्या कडेला, जिताडा तिची वाट पाहत असतो.

वाशी, वढाव, दादर, रावे या बाजूच्या गावांत जिताड्याचा मान मोठा. पाहुण्याला जिताडा वाढला म्हणजे पाहुणचार पुरा झाला. मात्र हा मासा पाण्यात पाठलाग करून सापडत नाही. तो दबा धरणारा शिकारी आहे. बुडालेलं खोड, तिवराची मुळं, जुन्या जेट्टीचे खांब किंवा बांधाचे ढासळलेले दगड अशा आडोशाला तो थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की प्रचंड जबडा एकदम उघडून पाण्यासकट ते आत ओढतो. रात्री शांत पाण्यात या झडपेचा ‘धप्प’ आवाज काठावर ऐकू येतो.

अमेरिकेतल्या तळ्यांमधला लार्जमाउथ बास जिताड्याच्या कुळातला नाही, पण शिकार याच रीतीने करतो. तिकडचे हौशी लोक उन्हाळ्यात त्याला पहाटे आणि संध्याकाळी उथळ काठाला शोधतात, दुपारी खोल पाण्यात किंवा दाट पाणवनस्पतींच्या सावलीत. पाणी निवू लागलं की लहान माशांचे थवे तळ्याच्या चिंचोळ्या फाट्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे जातो. पेणमध्येही ऋतू पाहूनच जागा बदलावी लागते.

चैत्र-वैशाखात खाचरं कोरडी असतात, उघाडीतून पाणी येत नाही. तेव्हा गळ गावतळ्यांवर पडतो. खारेपाटात जिताड्याची बोटुकली खाडीतून आणून गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडायची जुनी रीत आहे. जिताडा खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यांत वाढतो, त्यामुळे हे जमतं. उन्हाळ्यात तळं आटतं आणि तापतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर तो वापरत राहतात, म्हणून पहाटे त्याची पातळी सगळ्यात खाली गेलेली असते. अशा तळ्यात मासे पृष्ठभागाशी तोंड काढू लागले असतील तर गळ गुंडाळून ठेवलेला बरा, कारण गुदमरलेला मासा खात नाही. पाणी निकोप असेल तर दिवस मावळल्यावरचे दोन तास उत्तम. काठावरच्या झाडाची सावली जिथे दुपारभर पडते आणि तळ जिथे एकदम खोल होतो, तिथे आमिष सोडावं.

खाडीत मात्र घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धरमतर खाडीत पाणी जोरात चढतं-उतरतं, गाळ ढवळला जातो आणि पाणी गढूळ होतं. तेव्हा जिवंत कोळंबी किंवा बोईट चालतं, कारण जिताडा हालचाल आणि वास यांवरून भक्ष्य हेरतो. अष्टमीच्या आसपास भांगाला धार मंद असते, पाणी निवळतं. प्लास्टिकचा किंवा लाकडी नकली मासा वापरायचा तर तो तेव्हा. तो सलग ओढत आणला तर फारसं काही हाती लागत नाही. दोनदा झटका द्यावा, मग दोर सैल सोडून थांबावं. झडप बहुतेक वेळा त्या थांबण्यातच पडते.

जिवंत कोळंबी गरीला लावण्यातही कौशल्य आहे. तिच्या डोक्यावरच्या काटेरी शिंगाखाली पारदर्शक कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. गरी त्याला टाळून, शिंगाच्या बुडातून आडवी काढायची. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी जागीच मरते. नीट लावलेली कोळंबी बराच वेळ पाय मारत राहते. गरीच्या वर जाड नायलॉनचा दोन-तीन फूट लांबीचा तुकडा हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला पात्यासारखी धार असते. गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर उसळून डोकं झाडतो, तेव्हा त्या धारेवर बारीक दोर तटकन तुटतो. बोटंही तिथेच कापतात.

रोह्याला कुंडलिकेवर गणित थोडं बदलतं. भिरा इथल्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी या नदीत बारमाही येतं आणि खालून रेवदंड्याच्या खाडीची भरती वर चढते. गोडं आणि खारं पाणी मिसळतं तो पट्टा रोज पुढेमागे सरकतो, म्हणून इथे गळ टाकणाऱ्याला भरतीबरोबर वरून येणाऱ्या पाण्याचाही अंदाज ठेवावा लागतो.

हे सारं कौशल्य कामी आलं आणि खाडीतून मोठा जिताडा काठाला आला, तर तो बहुधा मादी असतो. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर, त्याची मादी होते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात ती लाखो अंडी घालते. तळ्यातल्या जिताड्याला खाऱ्या पाण्याकडचा हा प्रवास मुळीच घडत नाही, तिथे तो वाढतो पण वंश वाढवत नाही. चेन्नईतल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त पाण्यात या माशाचं प्रजनन साधलं आणि हॅचरीतली बोटुकली मिळण्याची वाट खुली झाली. तरीही खाडीतली मासळी खाडीतल्या माद्यांवरच टिकून आहे. म्हणून तळ्यातला मोठा जिताडा खुशाल घरी न्यावा, खाडीतला सोडावा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात हाच मासा ‘बारामुंडी’ नावाने पकडतात. तिथे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही, आणि पूर्व किनाऱ्यावर विणीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारी, तो धरायलाच बंदी असते.

सोडायचा मासा कोरड्या हाताने धरू नये, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग शिरतो. जबड्याला धरून उभा लटकवूही नये, त्याच्या वजनानेच जबड्याचा आणि मानेचा सांधा दुखावतो. एक ओला हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या बुडाशी, आणि तोंड धारेकडे करून त्याला पाण्यातच आडवं धरावं. कल्ले नियमित हलू लागले आणि शेपटीने जोर धरला की हात काढून घ्यावेत.