छापील पानाची साक्ष : लंडनची पानित्सी व्याख्यानमाला

ग्रंथात काय लिहिले आहे याचा विचार साहित्याचे अभ्यासक पूर्वीपासून करीत आले. परंतु तो ग्रंथ कोणत्या कागदावर, कोणत्या खिळ्यांनी (म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरठशांनी) आणि किती प्रतींत छापला गेला, आणि कोणत्या किमतीला कोणाच्या हाती पडला, हे प्रश्न दीर्घकाळ ग्रंथपाल, संग्राहक आणि मोजके तज्ज्ञ यांच्यापुरतेच राहिले होते. केंब्रिज विद्यापीठात १८९५ पासून सँडर्स आणि ऑक्सफर्डमध्ये १९५२ पासून लायल यांच्या नावाने या विषयावर व्याख्याने होत असली, तरी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत १९८५ साली सुरू झालेल्या पानित्सी व्याख्यानमालेने हा विषय ज्या धिटाईने सर्वांसाठी खुला केला, ती तिचीच विशेषता होय. एका विद्वानाला निमंत्रण द्यावयाचे, त्याने एकाच सूत्रावर बहुधा तीन व्याख्याने द्यावयाची, श्रोत्यांकडून शुल्क घ्यावयाचे नाही, आणि पुढे ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध करावयाची, असा हा साधा परिपाठ आहे.

मालेला ज्यांचे नाव दिले आहे ते अँटोनिओ पानित्सी (१७९७–१८७९) हे इटलीतील ब्रेशेल्लो गावचे. राजकीय कटात भाग घेतल्यामुळे मायदेशी त्यांना देहदंडाची शिक्षा फर्मावण्यात आली होती. इंग्लंडच्या आश्रयाला आलेला हा निर्वासित १८३७ मध्ये, ज्यातून पुढे ब्रिटिश लायब्ररी घडली त्या ब्रिटिश म्युझियमच्या मुद्रित ग्रंथांचा प्रमुख झाला आणि १८५६ ते १८६६ या काळात त्या संस्थेचा मुख्य ग्रंथपाल राहिला. ग्रंथांची नोंद कशी करावी याचे ९१ नियम १८४१ साली प्रसिद्ध झाले ते त्यांच्याच पुढाकाराने, आणि १८५७ मध्ये उघडलेल्या घुमटाकार वाचनगृहाची कल्पनाही त्यांचीच. १८३६ साली संसदीय समितीपुढे साक्ष देताना, गरीब विद्यार्थ्याला ज्ञानाची जी साधने मिळतील ती देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या साधनांहून उणी असू नयेत, असा आग्रह त्यांनी धरला होता. त्यांच्या नावाच्या व्याख्यानांना दारावर मूल्य नसणे हे त्या आग्रहाशी सर्वस्वी सुसंगत आहे.

पहिले व्याख्याते डी. एफ. मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. ग्रंथवर्णनशास्त्र, म्हणजे पुस्तकाची पाने, घड्या, खिळे, आवृत्त्या यांची बारकाईने तपासणी करून त्याच्या छपाईचा इतिहास उलगडण्याचे शास्त्र, तोवर प्रामुख्याने शुद्ध संहिता निश्चित करण्यासाठी वापरले जाई. मॅकेन्झी यांनी त्याला समाजशास्त्राची जोड दिली आणि पुस्तकाचे भौतिक रूपच अर्थ घडवते, असा सिद्धान्त मांडला. त्यांचे उदाहरण अत्यंत नेमके होते : काँग्रीव्ह या नाटककाराच्या १७०० सालच्या नाटकातील नांदीच्या काही ओळी विसाव्या शतकातील एका प्रसिद्ध समीक्षालेखाच्या आरंभी उद्धृत करताना मूळचे स्वल्पविराम गळाले, ‘घडवले’ या अर्थाच्या क्रियापदाच्या जागी ‘लिहिले’ या अर्थाचे क्रियापद आले, आणि आपल्या कष्टांविषयी ठामपणे बोलणारा नाटककार वाचकाला वेगळाच भासू लागला. लेखकाचा हेतू शोधू नये असे सांगणाऱ्या लेखातच हे घडले होते, म्हणून या उदाहरणाचे वजन अधिक. ध्वनिमुद्रण, चित्रपट, नकाशे, इतकेच काय पण ऑस्ट्रेलियातील अरुंटा लोकांच्या कथा ज्या भूप्रदेशाशी जखडल्या आहेत तो भूप्रदेशही त्यांनी ‘संहिते’च्या कक्षेत आणला.

या दृष्टीने मराठी ग्रंथांकडे पाहिले तर बरेच काही नव्याने दिसते. एकोणिसाव्या शतकात तीच धार्मिक संहिता कधी आडव्या सुट्या पानांच्या पोथीरूपात, तर कधी बांधीव पुस्तकाच्या रूपात छापली जाई. पहिली पाटावर ठेवून मोठ्याने वाचावयाची, दुसरी हातात धरून एकट्याने. अक्षरे तीच असली तरी वाचनाचा प्रसंग, श्रोता आणि पावित्र्याची भावना ही पानाच्या आकारासवेच बदलतात. शिळाप्रेस, म्हणजे दगडावर उलटे लिहून किंवा उमटवून घेतलेल्या मजकुराची छपाई, हस्तलिखिताचे वळण राखत असे; खिळ्यांच्या छपाईत ते वळण सुटले.

या मालेचा भारताशी थेट संबंध आला तो रॉबर्ट डार्नटन यांच्या व्याख्यानांत. बूर्बाँ राजवटीतील फ्रान्स, ब्रिटिश भारत आणि कम्युनिस्ट पूर्व जर्मनी येथील ग्रंथनियंत्रणाची तुलना त्यांनी केली, आणि ती २०१४ मध्ये ग्रंथरूपाने आली. ‘नीलदर्पण’ या बंगाली नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ मध्ये जेम्स लाँग या मिशनऱ्याला एक महिना कारावास आणि हजार रुपये दंड झाला, हे प्रकरण त्या विवेचनात येते. त्याच शासनाने १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक पुस्तकाची भाषा, लेखक, मुद्रक, पृष्ठे, आकार, प्रती, किंमत आणि छपाई खिळ्यांची की शिळेची, हे नोंदवणाऱ्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करण्याची तरतूद केली. पाळत ठेवण्यासाठी केलेल्या या नोंदी आज ग्रंथेतिहासाचे अमोल साधन ठरल्या आहेत, आणि मुंबई इलाख्याच्या याद्यांमुळे मराठी पुस्तकांच्या प्रतींची व किमतींची माहिती वर्षागणिक मिळू शकते.

अशा अभ्यासाला आपल्याकडेही आधार आहे : संशोधक अ. का. प्रियोळकर यांचा भारतातील मुद्रणावरील इंग्रजी ग्रंथ १९५८ सालचा. गोव्यात १५५६ मध्ये आलेल्या छापखान्यापासूनची साधने त्यात एकत्र मिळतात. महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा जुनी आणि श्रोता जाणता आहे. तेव्हा गावोगावच्या व्याख्यानमालांच्या चालकांनी तीन संध्याकाळी मराठी पुस्तकाच्या छपाईसाठी राखून ठेवाव्यात, त्या विनामूल्य ठेवाव्यात आणि जुन्या पोथ्या व शिळाप्रेसच्या प्रती श्रोत्यांना प्रत्यक्ष पाहू द्याव्यात.